भावकी नसलेली मुंबई

कराड स्टँडवर मुंबईच्या रिझर्वेशनची रांग होती. माझ्या पुढे एक मिशाळ आजोबा आणि आजी.

"घाटकोपरला उतरू. आपल्या ऋषिराजचं घर हाय."

"तितं भाकऱ्या मीच थापायच्या."

"मग कोपरखैरणं. सगळी भावकी तितंच हाय."

"म्हंजी सगळ्या भावकीच्या भाकऱ्या! आवं, इतक्यांदा मुंबईला गेले, पर समुद्र न्हाई बघितला. आपलं कुणीच ऱ्हात न्हाई तितं उतरू."

"मग कुलाबा. लॉजवर. पर भावकीला कळलं तर लय रुसतील."

"कळवायचंच न्हाई!"

"बरं बाई."

"आवं, लॉजवर गॅस असतो का?"

"आता गॅस कशाला?"

"कळलंच कुणाला अन् आली भेटायला, तर उपाशी धाडायची व्हय?"