मिशा फुटल्यावरची लस

सासू : बाही वर घे गं. सिस्टर कधीच्या सुई धरून उभ्या आहेत.

सून : नको म्हटलं ना, आई. त्यांनी सगळ्या लशी घेतल्या होत्या. काय उपयोग झाला?

नर्स : कोणी घेतल्या होत्या?

सासू : हिच्या नवऱ्यानं. माझा मुलगा, सिस्टर. माळी होता. धनुर्वातानं गेला. जबडा असा मिटला की शेवटी त्याला ‘आई’ म्हणून हाकही मारता येईना.

नर्स : अरे देवा. जखम कसली होती?

सून : दाताळ्याचा दात पायात घुसला. त्यांनी ओली माती थापली नि पुन्हा वाफ्यात उतरले. बागेतले सगळे तेच करतात. मातीचं दुखणं मातीनंच जातं म्हणे.

सासू : सिस्टर, खरं सांगा. त्याची कुठली लस माझ्याकडून चुकली? ताप असो, पाऊस असो, कडेवर घेऊन जायचे मी. असा भोकाड पसरायचा की कंपाउंडरच आधी डोळे मिटायचा!

नर्स : एकही चुकली नाही, मावशी. पण लहानपणीच्या लशीचा जोर हळूहळू ओसरतो. मोठ्यांनीही दर दहा वर्षांनी बूस्टर घ्यायचा असतो. आणि जखमेला माती लावायची नाही. साबणपाण्यानं धुऊन लगेच दवाखाना गाठायचा.

सासू : कडेवरचं खांद्याला लागलं, खांद्याचं डोक्याहून उंच झालं... मिशा फुटलेल्या लेकाला लस टोचायला कोण नेतं हो?

सून : मी न्यायला हवं होतं. तुम्ही लेक माझ्या हवाली केला होतात.

सासू : गप! तुला कुठं ठाऊक होतं? मला तरी कुठं होतं?

सून : मग आता मला तरी कशाला टोचता? मी जगून काय दिवे लावणार आहे?

नर्स : ताई, ही एकटीची लस नाही. तुमच्या रक्तातून ती बाळाला पोचते. जन्मल्यावर त्याची स्वतःची लस सुरू होईपर्यंत तुमचंच बळ त्याला पुरतं.

सून : पोटात असतानाच पोचते?

नर्स : पोटात असतानाच.

(सून बाही वर सारते.)

सून : ...झालं? काही कळलंसुद्धा नाही.

सासू : तरी रड, बाई. इतके दिवस डोळे कोरडे ठेवलेस. सुईचं निमित्त आहे, रडून घे.