पावातलं बाळ आणि मर्ल हुडाकचे तमाले

पोलीस ठाणे टॅनर्स पॅच, पेनसिल्व्हेनिया. दिनांक २ फेब्रुवारी २०१६, दुपारी ३.४०.

नाव ओबदुलिया क्वाउत्ले, वय ५४ वर्षे, धंदा बेकरी, राहणार मेन स्ट्रीट, बेकरीच्या मागच्या खोल्या. मूळची पुएब्ला, मेक्सिको. इथे एकवीस वर्षं.

मी समक्ष हजर राहून सांगते की, हार्डवेअरवाले मर्ल हुडाक, वय ६२, यांनी मी दुकानात घुसून आरडाओरडा केला अशी तक्रार दिली आहे. मी घुसले नाही. दारावर 'या' अशी पाटी आहे, म्हणून गेले. आरडाओरड्याचं पुढे सांगते.

माझ्या बेकरीत कणीक मळणारा एलेउतेरियो शोलाल्पा, वय २९, याला गेल्या जुलैत मैदानाजवळ शाळेच्या फुटबॉल संघातल्या दोन पोरांनी मारलं. कारण विचाराल तर तो तिथून चालला होता. तेव्हापासून त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही आणि बोलताना शब्द उशिरा येतो. कणीक आता मीच मळते. खटला ४ जानेवारीला उभा राहिला. ज्युरीतल्या बारा जणांत मर्ल होते. "मन साफ ठेवून बसाल ना?" असं न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा बाराही जणांनी हात वर केले. त्यांचे हात छान वर जातात.

दि. ६ ला सकाळी ७.१५ वाजता मर्ल रोजच्यासारखे बेकरीत आले. खटल्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. कायदा मलाही कळतो. त्या दिवशी आमच्यात तीन राजांचा गोल पाव कापतात. तो त्यांनी अख्खा विकत घेऊन ज्युरीच्या खोलीत नेला. या पावात बोटाएवढा बाळ येशू दडवलेला असतो. ज्याच्या तुकड्यात तो निघेल त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमाले खाऊ घालायचे, म्हणजे मक्याच्या पानात सारण भरून वाफवलेलं पीठ. यातून कुणाची सुटका नाही. आमचे पाद्रीबाबासुद्धा दोनदा सापडले आहेत.

दुसऱ्या दिवशी मर्ल गाल धरून आले. "बाई, पावात प्लॅस्टिकचं पोर काय घालता! दाढ गेली असती माझी!" मी रीत सांगितली. ते पोट धरधरून हसले आणि म्हणाले, "जा, दिला शब्द. सगळ्यांना खाऊ घालतो." आठ गिऱ्हाइकं साक्षीला आहेत, नावं देते.

दि. ८ ला निकाल लागला. दोन्ही पोरं निर्दोष. विचार करायला पाऊण तास लागला, त्यातच जेवण. निकाल वाचताना बारांतला एकही जण एलेउतेरियोकडे बघेना. सगळ्यांना एकदम कोर्टातला झेंडा बघायला आवडायला लागला होता. मला राग आला. अजून आहे. तेही लिहा.

एलेउतेरियो शनिवारच्या बसने गाव सोडणार आहे. "मावशी, इथे मी कुणाला दिसतच नाही," म्हणतो. तो मला राहायला हवा आहे. मर्ल काही तमाले करायचे नाहीत, हे माहीत होतं, म्हणून मीच साठ केले. त्यांनी फक्त एक आपल्या हाताने त्याच्या ताटलीत वाढायचा होता. म्हणजे बारांतला एक तरी त्याच्याकडे बघेल, एवढाच माझा डाव.

आज ११.२० ला आम्ही दोघं पातेलं घेऊन दुकानात गेलो. चार-पाच गिऱ्हाइकं होती. मर्ल म्हणाले, "अहो बाई, गंमत होती ती."

मी म्हटलं, "मर्लभाऊ, बाळाला गंमत कळत नाही."

"हे बघा, माझं याच्याशी काही वाकडं नाही. पण ती आपली पोरं. चेंडू पकडायला मी शिकवलंय त्यांना. आयुष्याचं वाटोळं झालं असतं त्यांच्या."

"आणि याच्या?"

"हा काय, कुठेही काम करील."

"तुमचे आजोबा स्लोव्हाकियातून येऊन इथल्या खाणीत उतरले, तेव्हा त्यांनाही असंच म्हणत असतील."

मर्ल लालबुंद झाले. पण त्यांनी चिमटा उचलला, हे मी कबूल करते. तमाले ताटलीत ठेवला, एलेउतेरियोच्या तोंडाकडे पाहिलं आणि अगदी मायेने विचारलं, "काय रे बाबा, नाव काय तुझं?"

पाच दिवस त्याच्याच खटल्यात बसले होते.

एलेउतेरियोला शब्द यायला वेळ लागतो. मर्ल थांबले नाहीत, गिऱ्हाइकाकडे वळले. म्हणून ते नाव मी सांगितलं. मोठ्याने. पातेल्याचं झाकण वाजवलं हेही खरं. तक्रारीत 'बारा वेळा ओरडली' असं आहे, ते चूक. मी ज्युरीतल्या एकेकासाठी एकदा ओरडणार होते, पण अकराच झाल्या. बारावी वेळ माझी नाही. ती एलेउतेरियोची, आडनावासकट, न अडखळता.

वरील मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखवला. 'बारा' खोडून 'अकरा' केले, ते बरोबर आहे. बाकी सांगितल्याप्रमाणे आहे. एलेउतेरियो बाहेर बाकावर बसला आहे, त्याचाही जबाब घ्या. नाव त्यालाच विचारा, आणि थांबा.

सही: ओबदुलिया क्वाउत्ले