सृष्टीच्या गाण्याला हजार मतं

...आन् परत वर म्हणत्यात, गावाला गाण्याची कदर न्हाई! आवं, कदर कुठनं असंल? माणसाला एक तरी गाणं शेवटापातूर ऐकू देत्यात का कुणी? तुमाला सांगतो, आमचं नाथाजी अण्णा... फौजेत हवालदार हुतं, पेन्शनीवर गावात आलं, आन् आल्या आल्या ह्या माणसाला नाद लागला. कुणाला म्हशीचा लागतो, कुणाला पत्त्याचा. ह्यास्नी लागला नवी लोकगीतं शोधायचा! जुनी न्हाईत हां. स्वतः लिवणारी, स्वतः चाल लावणारी, स्वतःच गिटार घिऊन गाणारी पोरंपोरी असत्यात न्हवं, त्यांची ताजी ताजी. दर शुक्रवारी मोबाईलवर येत्यात म्हणं. झालं! शुक्रवारी सकाळी दाढी करून, बूट घालून, अण्णा मोबाईलम्होरं सावधान! गाणं आलं की पहिलं कडवं ऐकायचं, वहीत तारीख घालायची, "बहोत खूब" असा शेरा मारायचा, गावच्या ग्रुपवर ढकलायचं, की निघालं फुडच्या गाण्याकडं. त्यांची मंडळी, बनाबाई, एकदा म्हणाली, "आवं, बरं वाटत हुतं की ते, वाजू द्या पुरतं." तर अण्णा काय म्हणालं? "ऐकायचं काय, नंतर बी ऐकता येतंय! तवर फुडचं गाणं दुसऱ्या कुणी शोधलं म्हंजे?"

तर एका शुक्रवारी ह्यास्नी गावली पाटणची सृष्टी. पोरीचं पहिलंच गाणं, आन् ऐकणारी माणसं किती? अडतीस! त्यातली तीस मैत्रिणीच असणार. खाली नंबर हुता, अण्णांनी लगीच फिरवला. पोरगी रडकुंडीला आलेली. "काका, बाबा म्हणालेत, दिवाळीपर्यंत हजार माणसांनी ऐकलं तर दुसरं कर, नाहीतर गिटार माळ्यावर." बाप म्हंजे तानाजी, महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो, आन् एकदा बोलला की बोलला. अण्णांचं रक्त सळसळलं. "बेटी, फिकर नॉट! हजार काय, बाराशे आणतो!"

आता गाण्याकडं हजार माणसं आणायची कशी? शेरातली माणसं काय करत असतील ते करोत, आमच्यात माणसं आणायची एकच रीत ठाव हाय... मतदारयादी! हसताय काय? अण्णांनी सोसायटीच्या निवडणुकीतली यादी झटकली, वॉर्ड पाडलं, जीप काढली. दारात जायचं, नाव पुकारायचं, मोबाईल काढायला लावायचा, बटण दाबायला लावायचं, नावावर टिक, चला फुडं! भामाबाई म्हातारी डोळं बारीक करून म्हणती, "नाथाजी, ह्यात कोण उभं हाय रं?" "कोण न्हाई मावशी, गाणं हाय." "एकटंच हाय? मग बिनविरोध आलंच की! मला कशाला उठिवलंस?" आन् कोण जरा थांबून "ऐकू द्या की वाईच" म्हणालं, की अण्णा वरडलंच, "ऐकायचं काय, नंतर बी ऐकता येतंय! लाईन खोळंबलीया!"

आन् बिनविरोध तरी कुठलं हो? गावात भाऊसो हाय न्हवं! अण्णा पूर्व म्हणालं की ह्यो पश्चिम म्हणणार. सोसायटीला तीनदा अण्णांच्या विरोधात उभा ऱ्हायलेला गडी. त्यानं पारावर जाहीर केलं, "नाथाजीच्या गाण्यावर आपला बहिष्कार! आपल्यातल्या कुणी बटण दाबायचं न्हाई!" झाल्या की दोन पार्ट्या! एकाच घरात सासू बटण दाबती, सून मोबाईल पदराखाली लपवती. त्या पोरीला पाटणात बसून काय ठाव, आपल्या गाण्यापायी आष्ट्याकडच्या एका गावात दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालंय!

पर हजार भरलं. एक हजार चार! अण्णांनी लगीच तानाजीला फोन केला, या, सत्कार हाय. आयतवारी सकाळी टॅक्सी आली, बाप आन् लेक उतरली. देवळाम्होरं मांडव, मांडवावर फ्लेक्स, फ्लेक्सवर अण्णा ह्येऽऽ एवढं, आन् पोरीचा फोटो खाली कोपऱ्यात, आमदाराच्या कोपराजवळ. तानाजीनं हार घेतला, नमस्कार केला आन् म्हणाला, "हजार माणसांनी ऐकलं, लय उपकार. मला एवढंच सांगा, शेवटच्या कडव्यात काय हाय? ते माझ्यावर हाय. कुणी बी एकानं सांगावं, मग ती खुशाल गाऊ दे. न्हाई तर नुसती बटणंच दाबली आसं समजीन."

आरं देवा! पहिल्या कडव्याफुडं गेलं हुतं कोण? अण्णांनी घाईघाईनं वही उघडली. वहीत काय? तारीख, आन् "बहोत खूब"! पोरीचं डोळं भरलं. मला बी लय लाज वाटली. खोटं कशाला बोलू, बटण दाबणाऱ्यांत मी बी हुतो.

आन् तवा मागनं, लिंबाखालनं, घोगऱ्या आवाजात कोणतरी म्हणाय लागलं...

"बाप म्हणतो, पुरे गं गाणं,
चूल पेटव, भर जा पाणी;
मी गप बसते, तवा बापच
पुटपुटतो माझी गाणी."

कोण असंल? भाऊसो! सूर आसा की म्हशीनं दावं तोडावं, पर शब्द न् शब्द बरोबर! तानाजीनं तोंड फिरवलं, रुमाल डोळ्याला लावला आन् म्हणाला, "कर बाय दुसरं." पोरगी बापाच्या गळ्यात पडली. आन् आमचं अण्णा? ते भाऊसोच्या अंगावर धावलं! "तुझा बहिष्कार हुता न्हवं रं?"

भाऊसो म्हणाला, "आरं गड्या, बाजूनं असलं की नुसतं बटण दाबून भागतंय. विरोध करायचा म्हंजे खोट हुडकावी लागती, सगळं ऐकावं लागतंय. सतरा येळा ऐकलं, खोट गावंना. म्या काय करू?"

तर तुमाला सांगतो, परवा सृष्टीचं दुसरं गाणं आलं. खाली लिवलंय, 'भाऊसोकाकांसाठी'. अण्णांचं तोंड बघाय पायजे हुतं तुमी! वहीत न्हाई लिवलं, ग्रुपवर न्हाई टाकलं, थेट पारावर जाऊन जाहीर केलं, "ह्या गाण्याला आपला कडक विरोध!" आन् विरोध म्हणल्यावर आता काय... तीन दिस झालं, गोठ्यात म्हशीम्होरं बसून ऐकत्यात. बनाबाई हाक मारून दमली, च्या निवला, तर आतनं अण्णा वरडत्यात, "च्या काय, नंतर बी पिता येतोय! शेवटचं कडवं चाललंय!"