दोघींनी गायचं गाणं

बदक: चहा राहू दे गं. आधी बस इथे.

मेंढी: बसते, पण हे ऐक! आपण डबिंग केलेला तो शेतावरच्या प्राण्यांचा कार्टून सिनेमा नव्याने येतोय. नातीने जाहिरात पाहिली. म्हणते, आजी, मेंढीचा आवाज तुझाच!

बदक: हं.

मेंढी: मी म्हटलं, तीस वर्षं टेप जपली असणार त्यांनी. पण बदकाचा आवाज ताजा वाटतो म्हणे. ते तू नव्याने बोललीस ना? लबाड, पत्ता लागू दिला नाहीस.

बदक: तेच सांगायला आलेय. टेप नाही ती. मेंढीही मीच बोललेय. तुझ्या आवाजात.

मेंढी: माझ्या?

बदक: एकाच माइकपुढे उभ्या राहायचो आपण. तू श्वास कुठे घेतेस, तेही मला पाठ आहे.

मेंढी: आणि गाणं? बदकाला विकायला नेतात तेव्हाचं?

बदक: तेही. आधी बदकाच्या ओळी गायले. मग कानाला हेडफोन लावून, त्या ऐकत ऐकत मेंढीच्या. तुला सोडून जाणार नाही, असं माझं मलाच सांगत होते. काचेपलीकडे सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मला मान वर करवेना.

मेंढी: एक फोन करायचास.

बदक: तुझं घशाचं ऑपरेशन झालेलं...

मेंढी: त्याला दोन वर्षं झाली. बोलतेय ना आता तुझ्याशी? जरा खरखर आहे. मेंढी म्हातारी झाली म्हणायचं. मला बोलावलंच नाही, म्हणजे माझा आवाज गेला असं त्यांना सांगितलं कुणी?

बदक: चहा टाकतेस ना आता?

मेंढी: बोल की.

बदक: मी. दिग्दर्शकाने विचारलं, त्या गातील का? मी म्हटलं, छे, आवाज पार गेला तिचा. चुकून नाही गं, ठरवून बोलले. दोन्ही आवाज एकटीने केले की तो ‘वा!’ म्हणेल, एवढ्यासाठी. या वयात कोण म्हणतं वा?

मेंढी: म्हणाला?

बदक: म्हणाला. तेव्हापासून मेल्याहून मेल्यासारखं झालंय. उद्याच फोन करते, खोटं बोलले म्हणून सांगते. तुला बोलवा म्हणते.

मेंढी: नको.

बदक: का गं?

मेंढी: अख्ख्या वर्गाला सांगून बसलीये पोरगी, माझ्या आजीचा आवाज आहे म्हणून. आत्ता येईल शाळेतून. तुला विचारेल, आजीचाच आवाज ना?

बदक: मग मी काय सांगू?

मेंढी: हो म्हण. तुला जमतं.