केटामाइनचा पत्ता

…नाही, तुमीच सांगा, या नागपुरात सावजीचं हॉटेल विचारा, तर्री-पोह्याचा ठेला विचारा, माणूस भर उन्हात गाडी थांबवून तुमाले दारापर्यंत सोडून देते! अन् मनाच्या इलाजाचा एक दवाखाना विचारला तं साऱ्याइचे तोंडं वाकडे! सल्ले घ्या पाहिजे तेवढे. अरे, मले पत्ता पाहिजे होता हो, पत्ता!

तुमाले सांगतो, लय दिवसांपासून माझं मन मेलं हाये. हसू नका. मी बोलतो लय, म्हणून कोणाले पटत नाही. 'मुकुंदराव, तुमाले अन् डिप्रेशन? इतके तं खेकसता लोकाइवर!' अरे बाप्पा, खेकसणं वेगळं अन् जगावंसं वाटणं वेगळं! आंघोळीले उठाचं म्हटलं तरी रडू येते मले, खरंच सांगतो. गोळ्या बदलून झाल्या, फरक शून्य. शेवटी आमच्या प्रताप नगरच्या डॉक्टरीणबाई म्हणे, 'केटामाइनचा इलाज करून पाहू. रामदासपेठेत सेंटर सुरू झालं म्हणतात, पाहून घ्या.' पाहून घ्या! जसा काही लग्नाचा हॉल पाहाचा हाये!

पहिले फोन लावला अनिशले. माझा साळा, पुष्पलताचा, म्हणजे आमच्या बायकोचा, भाऊ. साऱ्या दुनियेचं ज्ञान याच्याच पाशी. 'भाऊजी, डिप्रेशन-बिप्रेशन काही नसते! पहाटे उठा, फुटाळा तलावाले चक्कर मारा, एकदम फ्रेश!' अबे, पण पत्ता? 'अन् झोपताना दुधात हळद!' ठेवला फोन.

शेजारच्या इंदुताई म्हणे, 'नजर लागली न बाप्पा तुमाले, मीठ-मोहरी उतरवा.' मेडिकलवाला नत्थू तं असा मागं सरकला, जसा मी त्याच्या गल्ल्यावर हात टाकून राहिलो. 'काका, ते तं बेशुद्ध कराचं औषध हाये! काहून पाहिजे तुमाले?' अबे भैताडा, औषध कोण मागून राहिलं? मले पत्ता पाहिजे, पत्ता! मोबाईलले विचारलं तं त्यानं भलत्याच बाईले फोन जोडून देल्ला. 'सर, हेअर के लिए या स्किन के लिए?' म्हटलं, बाई, मन! तं म्हणे, 'सर, उसपे अभी ऑफर नहीं है.'

मग गेलो स्वतःच रामदासपेठेत. उन्हाचा, तोंडाले दुपट्टा गुंडाळून. ऊन तं होतंच, पण खरं म्हणाल तं कोणी पाहू नये म्हणून. बरं, त्या सेंटरवाल्याइलेही लाज! पाटीवर मनाचं नाव नाही, नुसतं 'नवी पहाट'. आता माणसानं काय समजाचं, दूध डेअरी? वॉचमनले हळूच विचारलं, तं तो अख्ख्या रस्त्याले ऐकू जाईन असा ओरडला, 'डोक्याचे पेशंट काय? वर जा, वर!' घ्या! पत्ता सांगणारा हा एकटा भेटला, अन् यानं साऱ्या रामदासपेठेले सांगितला!

वर एसी असा की दात वाजून राहिले, अन् खुर्च्याइवर सारे बसले तोंडाले दुपट्टे गुंडाळून! बाई काय, माणूस काय, नुसते डोळे! कोणी कोणाकडं पाहून नाही राहिलं. मी बी बसलो, गुंडाळलेलाच. तेवढ्यात काउंटरवरची पोरगी खणखणीत ओरडली, 'अनिश! सोबत कोण हाये?' अन् माझ्या बाजूचा दुपट्टा उठला.

साळा! फुटाळ्यावाला! हळदीवाला! म्हटलं, 'काहून बे? तुले पत्ता माहीत होता?' त्यानं दुपट्टा खाली केला. चेहरा असा उतरलेला की माझी शिवी तोंडातच राहिली. 'भाऊजी,' म्हणे, 'तुमाले सांगितला असता तं ताईले समजलं असतं. मले दरवेळी वापस पाठवून राहिले इथून. इलाज झाल्यावर गाडी चालवू देत नाही, घरी न्याले घरचं माणूस पाहिजे म्हणते. आता घरचं माणूस आणू कुठून? घरी सांगितलंच नाही नं!'

अन् मी तरी कोणाले घेऊन गेलो होतो? पत्ता मागितला अन् साळा भेटला!

मग काय… त्याच्या पाळीले मी घरचं माणूस, माझ्या पाळीले तो. डॉक्टरनं सारं तपासलं, इलाज सुरू झाला. चांगला हाये इलाज, खोटं काहून बोलू? परवा आंघोळ केली अन् रडलो नाही. लय बरं वाटलं मले. पण वापस येताना? मी अर्धवट गुंगीत, याच्या कारमध्ये, पट्टा बांधलेला, पळाले जागा नाही, अन् हा सिग्नल-सिग्नलले सुरू: 'भाऊजी, पाठ सरळ! भाऊजी, लंबा श्वास घ्या! भाऊजी, गोड बंद करा!'

आता मले बरं व्हाच लागते हो. नाही झालो तं जन्मभर या माणसाच्या गाडीत बसा लागन!