बॅनरला वाट देणारी गाडी

हरेशला कामावर परत घेतलं. पण ते अजून झालेलंच नाही असं धरू. पनवेल एसटी स्टँडवर, नेऱ्याच्या बसच्या रांगेत, माझ्यापुढे दामूशेठ आणि त्यांनी कालच काढून टाकलेला ड्रायव्हर हरेश उभे होते.

"शेठ, तुमी रांगेत? ती आपोआप चालणारी गाडी कुठं हाय?"

"सुकापूरला. सकाळपासून उभी हाय."

"बिघडली?"

"नाय रे. रस्त्याकडंच्या गटारावर वाढदिवसाचा बॅनर लागलाय. त्यावरची अकरा माणसं रस्ता ओलांडतील म्हणून थांबलीय."

"तिला दिसत नाय?"

"बारा कॅमेरे हायत. दिसतं सगळं, समजत नाय."

"शेठ, खरा माणूस गॉगल लावून, हात जोडून गटारावर उभा राहतो का? आणि त्यातला मधला आमचा केतन. तो परवाच दुबईला गेला. मीच सोडला विमानतळावर."

"हे तिला कसं माहीत असणार?"

"तेच तर!"

"बरं, उद्यापासून ये. तिच्या शेजारी बसायचं. थांबली की सांगायचं, चल बाय, फोटो हाय."

"शेजारी नाय बसणार. स्टेअरिंग पायजे."

"घे बाबा स्टेअरिंग."

"मग आताच काढून आणतो."

"आज स्टेअरिंग सोडत नाय ती. म्हणते, आधी माणसं जाऊ देत. म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज लिवलाय. वाच जरा."

"‘महोदय, बॅनरवरील सर्व मान्यवरांनी वाहनाचा अधिक खोळंबा न करता आजच्या आज रस्ता ओलांडून घ्यावा, ही नम्र विनंती.’"