खिडकीखालची निंदणी

दिपमाला : हळू बोला, आई. ते जागे असतील. आणि खरं सांगा, खिडकीखालचं सगळंच काढलं?

भिकुबाई : बठ्ठं! पहाटलेच खुरपं लिसन बसनू. देख, कसं साफ व्हयनं.

दिपमाला : अहो, त्यात वेल होती!

भिकुबाई : व्हती ना. तीच तं पहिले उपटी. पान देखताच वळखी मी. कपाशीवर चढस आनि तिले दाबी टाकस, तीच ती. जन्म गया मना तिले उपटामा.

दिपमाला : ती नव्हती हो ती. पान तसंच असतं, पण ही निळ्या फुलांची. ह्यांनी लावलेली, बी टाकून.

भिकुबाई : कोनी? प्रेमराजनी? खाटवरथीन?

दिपमाला : खाटेवरूनच. रेहानभाऊ आले होते, ह्यांच्याबरोबर लाइटीच्या खांबावर चढायचे ते. चोपड्याला बहिणीच्या दारात ही वेल आहे, तिथलं बी आणलं त्यांनी. म्हणाले, पोळ्यापर्यंत खिडकीची जाळी झाकून वर पत्र्यावर जाईल, आवरता आवरणार नाही. एरवी कुणी काही आणलं की हे भिंतीकडे तोंड करतात. त्या दिवशी म्हणाले, दे इकडे.

भिकुबाई : मंग?

दिपमाला : मग काय, बी कडक असतं म्हणून एकेक दाणा फरशीच्या तुकड्यावर घासला. रात्रभर पाण्यात ठेवला. सकाळी बी फुगलं तर मला हाक मारली. आई, खांबावरून पडल्यापासून ह्यांची हाक म्हणजे एकतर दुखतंय, नाहीतर कूस बदलून दे. त्या दिवशी म्हणाले, “दिपा, ये ना, बघ तर खरं.” माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं.

भिकुबाई : माय वं! माय वं!

दिपमाला : मी माती उकरली, ते खिडकीतून सांगत होते. एवढं खोल नको, बोटाच्या पेराइतकं पुरे. कोंब आल्यापासून रोज सकाळी गजाला धरून उठून बसायचे. डॉक्टर सांगून थकले होते, बसा म्हणून. कोंबासाठी बसले.

भिकुबाई : माले सांगं का नही वं तू?

दिपमाला : काल तुम्ही शिंदखेड्याहून आलात ते बसमध्ये हाडं खिळखिळी होऊन. जेवलात आणि झोपलात. म्हटलं सकाळी दाखवू. पहाटेच नळाला पाणी आलं, मी तिकडे गेले, आणि तुम्ही इकडे खुरपं घेतलं.

भिकुबाई : माले वाटनं, पोऱ्या खिडकीशी पडेल ऱ्हास, खाले गवत माजेल शे. मच्छर. एखादं जनावर निंघी. चावी तं त्याले पयताबी येनार नही. म्हनीसन काढं वं मी. तू माले शिव्या दे, दिपा.

दिपमाला : शिव्या देऊन काय होणार? टाकलं कुठे ते सांगा. मुळं शाबूत असतील तर परत लावू, पाणी घालू. आई? कुठे टाकलं?

भिकुबाई : शेजारनी बकरीले दिधं. उभी उभी खाई गयी.

दिपमाला : देवा!

भिकुबाई : मीच सांगसू त्याले. हात मना, तं सांगबी माले.

दिपमाला : तुम्ही काही बोलू नका. त्यांना तुमचा राग आला तर तुम्हीच दिवसभर रडत बसाल. कुत्र्यांनी उकरलं म्हणू. बाजारात बियांचं दुकान आहे, पाकीट मिळेल. दुपारी जाऊन आणते. बीच तर आहे.

(आतून हाक येते. दोघी खिडकीपाशी जातात.)

प्रेमराज : काय कुजबुज चाललीये दोघींची?

दिपमाला : काही नाही हो. ते रात्री कुत्र्यांनी इथली माती…

प्रेमराज : कुत्री कशाला? माय होती. मी बघत होतो.

भिकुबाई : देखत व्हता?

प्रेमराज : तू पदर खोचून बसलीस तेव्हापासून. गजाला धरून बसलोच होतो, नवं पान फुटलं का बघायला.

भिकुबाई : मंग हाक का नही मारी रे? मी तं आठेच, खिडकीपाशी व्हतू!

प्रेमराज : तोंड उघडलं होतं, माय.

दिपमाला : मग?

प्रेमराज : मग म्हटलं, उपटते तर उपटू दे. रोज उठायचं, रोज बघायचं, आज किती वाढली. ती जाईल पत्र्यावर, तिथून शेजारच्या भिंतीवर, आणि मी इथंच, ह्याच गादीवर. मायने शेवटचा कोंब उपटला तेव्हा हलकं वाटलं मला. खोटं कशाला बोलू?

भिकुबाई : असं नको बोलू, मना राजा. तुन्या पाया पडस मी.

दिपमाला : मी आजच दुसरं बी आणते. मीच घासते, मीच भिजवते. तुम्ही नुसतं…

प्रेमराज : नको.

दिपमाला : अहो, दोन महिन्यांत फुलं…

प्रेमराज : नको म्हणतोय ना. आणलंस तर मी तोंड फिरवेन. मायला आत घे, चहा दे. तिची काही चूक नाही.

दिपमाला : त्यांची नाहीच. पण उघडलेलं तोंड मिटायच्या आधी एकदा माझा विचार करायचा. मला कुठे फुलं हवी होती? माझं वेलीकडे लक्षही नसायचं. तुम्ही उठून बसायचात ना, मी ते बघायचे.